मी म्हणे इनसिक्युअर

माझ्या मैत्रिणीला काही वर्षांपूर्वी एक शब्द सापडला आणि तेव्हापासून तिनं माझं डोकं उठवलं आहे. शब्द आहे इनसिक्युअर. आम्ही दोघी एकाच ज्युनियर कॉलेजात शिकवतो. ती मानसशास्त्र, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे तिचं मानसशास्त्र वर्गाआधी माझ्यावरच होतं.

प्राचार्यांनी एकच नोटीस दोनदा फिरवली, ते इनसिक्युअर. शिपाई कपाटाला कुलूप लावून पुन्हा ओढून बघतो, तो इनसिक्युअर. तिचा नवरा पेट्रोल अर्ध्यावर आलं की पंपावर जातो, तोही. पहिल्या बाकावर बसणारी पोरं इनसिक्युअर असतात आणि शेवटच्या बाकावर बसणारी तर असतातच. मी एकदा विचारलं, बाई गं, मग माणसानं बसावं तरी कुठं? तर म्हणाली, हा प्रश्न पडणं हेच लक्षण आहे. मी वह्या तपासायला घेतल्या.

माणूस मात्र सोन्यासारखी. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात माझ्या आधी ही हजर होती. डबा आणायची, आईचे केस विंचरून द्यायची. म्हणून तर तिच्यावर धड रागावताही येत नाही आणि राग गिळला की तो मलाच बाधतो.

तिनं मला एकदा या शब्दाला मराठीत काय म्हणतात ते विचारलं. मी म्हटलं, असुरक्षितता. तिनं नाक मुरडलं. म्हणाली, "ते फार बाहेरचं वाटतं गं. पूल असुरक्षित, रस्ता असुरक्षित. मला आतलं पाहिजे, मनातलं." माझं भांडण नेमकं इथंच आहे. आमच्या घरी आई म्हणते भेव. मले भेव लागते, जीवाले घोर लागला. हे शब्द काढले की समोरचा विचारतो, कशाचं भेव? कशाचा घोर? मग सांगता येतं की बाबा, याचं. इनसिक्युअर म्हटलं की कोणी कशाचं म्हणून विचारतच नाही. उघडी वायर दिसली म्हणून माणूस ओरडला, तर वायर राहते तशीच लोंबकळत आणि सगळे मिळून त्या माणसाला दीर्घ श्वास घ्यायला लावतात.

कॉलेजात तर आईचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात यावर कार्यशाळाच झाली. तिनंच घडवून आणली. पाहुणे कोट घालून आले होते. म्हणाले, असुरक्षितता ही फक्त मनाची अवस्था आहे, डोळे मिटा आणि तिला निरोप द्या. शेवटच्या रांगेत आमचे तासिकेवरचे शिक्षक बसले होते, ज्यांना पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. त्यांनीही मुकाट्यानं डोळे मिटले. मी उघडेच ठेवले. चहाच्या वेळी मैत्रीण म्हणाली, "तू डोळे मिटले नाहीस, मी पाहिलं." मी म्हटलं, म्हणजे तूही मिटले नव्हते. त्यावर ती खळखळून हसली, आणि ती हसली की माझं सगळं बोलणं फुकट जातं.

आता आईचं सांगते. माझे वडील कोराडीच्या वीज केंद्रात होते. तिथल्या कॉलनीत आमचा जन्म गेला. क्वार्टरच्या दारावर नंबर असायचा, तोच पत्ता आणि तेच नाव. वडील निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही नागपुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लिफ्ट नाही. वडील म्हणाले होते, वर हवा चांगली येते. हवा कसली येते, वर स्लॅब आणि स्लॅबवर नागपूरचं ऊन. वडील आता नाहीत, भाऊ पुण्याला, मी लग्न केलं नाही. घरात मी, आई आणि कूलर.

दिवाळीच्या सुमारास आई न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वॉकर घेऊन सपाट जमिनीवर हवं तितकं चाला, पण जिना चढायचा उतरायचा नाही. दवाखान्यातून तिला खुर्चीत बसवून वर आणलं ती आणलीच. तेव्हापासून आईचं जग म्हणजे दोन खोल्या आणि गॅलरी. भाजीवाल्याशी ती वरूनच बोलायची आणि दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची. खाली बायका बाकावर बसून गप्पा हाणायच्या, आई वरून कान द्यायची. अर्धं ऐकू यायचं, मग मला विचारायची, ते काय हसून राहिल्या होत्या?

तिचं मागणं एवढंच होतं. "मले खाली उतरव. तळमजल्यावर कुठंबी ठेव. औंदाच्या बुद्धपौर्णिमेले मले माह्या पायानं विहारात जायाचं हाय." हे ती एकदाच म्हणाली. आई दोनदा मागत नाही, त्यामुळे एकदा मागितलेलं माझ्या उरावर बसतं.

आपला फ्लॅट भाड्यानं द्यायचा आणि तळमजल्याचं घर भाड्यानं घ्यायचं, असं ठरलं. सोपं वाटलं होतं. विकत घेताना बिल्डरनं कधी आमचं आडनाव दोनदा विचारलं नव्हतं. भाड्याच्या घराचं तसं नसतं हे मी विसरले होते. फोन लावला की आधी सगळं गोड. तळमजला आहे ना मॅडम, नळाला पाणी भरपूर, समोर जागा. शिक्षिका म्हटलं की आणखी गोड. मग विचारायचे, "पूर्ण नाव सांगता का?" मी नाव सांगायची. वडिलांचं नाव सांगायची. पलीकडे माणूस थांबलेला असायचा. मग मी आडनाव सांगायची.

आमच्या नागपुरात आडनाव ऐकण्याचा कान सगळ्यांना असतो. कुणाचं कोणतं गाव, कोणती वस्ती, कोणत्या देवाचे की बिनदेवाचे, हे एका शब्दात कळतं. मग फोनवर कोणी वाईट बोलत नाही. उलट जास्तच आदरानं बोलतात. "मॅडम, तुम्हाला सांगायचंच राहिलं, रंगाचं काम काढलंय. दोन महिने तरी लागतील." पहिल्या वेळी मी खरं मानलं. दुसऱ्या ठिकाणी दीर गावाहून राहायला येणार होते. तिसरीकडे पुन्हा रंगाचं काम. फेब्रुवारी महिन्यात नागपुरात एवढं रंगकाम निघालेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी स्कूटीवरून येताजाता मुद्दाम त्या घरांकडे बघायची. भिंती तशाच, पोपडे तसेच, आणि फाटकाला 'घर भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच.

मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पेंटर वेळेवर मिळतात का? तू प्रत्येक गोष्टीत तेच शोधतेस. आता कोण मानतं हे सगळं? तू नाव सांगतानाच अशी दबकून सांगतेस, समोरच्याला वाटतं काहीतरी गडबड आहे. तू फार इनसिक्युअर आहेस." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, मी आडनाव मोठ्यानं सांगितलं तर त्यांचं रंगाचं काम लवकर आटोपेल का? ती म्हणाली, "हे बघ, आता चिडलीस. तेही त्यातलंच."

भावाचा पुण्याहून फोन आला. त्याला म्हटलं, घर मिळत नाही. तो म्हणाला, "ताई, खरं सांगू, आईला इनसिक्युरिटी आलीय. मुलगा लांब आहे ना. तिला म्हणावं मी आहे." मी म्हटलं, तू आहेस हे तिला माहीत आहे, तिला तळमजला पाहिजे. तो म्हणाला, मीटिंगला जायचंय. या शब्दाची ही साथ पुण्यालाही पोचलेली पाहून मी फोन ठेवला आणि कूलरमध्ये पाणी भरलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा मी कोणाला सांगितली नव्हती. मैत्रिणीचं स्वतःचं दुमजली घर आहे. ती नवऱ्याबरोबर वरच्या मजल्यावर राहते. खाली तिच्या सासूबाई राहायच्या. त्या शेवटी चाकाच्या खुर्चीत होत्या, म्हणून दाराशी पायरी काढून उतार केलेला आहे आणि न्हाणीत धरायला दांड्या बसवल्या आहेत. सासूबाई गेल्या, तेव्हापासून खालच्या दाराला कुलूप आहे. त्या गेल्या तेव्हा आई माझ्यासोबत भेटायला गेली होती. आईनं त्या दांड्या पाहिल्या होत्या.

घर शोधायला लागलो त्याच आठवड्यात आई म्हणाली होती, "तुह्या मैत्रिणीचं खालचं घर रिकामं हाय ना. तिले इचार." मी म्हटलं, नको. "काहून?" मी म्हटलं, मैत्रीत भाडेकरूपणा आणू नये, आणि तिच्या मनात असेल तर ती स्वतःच म्हणेल. आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं लसूण सोलायला घेतला आणि तो विषय काही तिनं पुन्हा काढला नाही.

मैत्रीण स्वतः म्हणाली नाही. दर रविवारी घरं बघायला आम्ही तिच्याच घरून निघायचो, कारण तिची गाडी होती. मी स्कूटी त्या उतारावर लावायची, कुलपासमोर उभी राहून तिची वाट बघायची. ती वरून टोपी, पाण्याची बाटली, चष्मा असं सगळं सांभाळत उतरायची आणि म्हणायची, चल, आज मिळवूनच येऊ. उन्हातान्हात अख्खं नागपूर पालथं घालायची माझ्यासाठी. आणि मी त्या कुलपाकडे बघून विचार करायची की हिला खरंच सुचत नाही, की सुचतं? मग मीच स्वतःला म्हणायची, पुरे झालं, तू इनसिक्युअर आहेस. बघा, मलाही लागलाच तो रोग.

एप्रिलमध्ये एकदाची ती धावत स्टाफरूममध्ये आली. तिच्या नात्यातून एक घर समजलं होतं. निवृत्त नवरा-बायको, मुलगा बंगलोरला, तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या, अंगणात कडुनिंब, आणि स्कूटर चढवायला दाराशी उतार. "मी सगळं बोलून ठेवलंय. तू फक्त आईंना दाखव आणि हो म्हण." मी विचारलं, काय बोललीस? "हेच की तू मला बहिणीसारखी आहेस, शिक्षिका आहेस, घरात दोघीच बायका." आडनाव सांगितलंस? ती म्हणाली, "विषयच निघाला नाही." मी तिच्याकडे बघितलं. ती वैतागली. "हे बघ, तू दर वेळी स्वतःच तिकडे बोट दाखवतेस, मग माणूस तिकडे बघणारच. या वेळी गप्प राहा. एकदा राहायला गेलीस की लोक तुला माणूस म्हणून ओळखतील, मग काही प्रश्न नाही." म्हणजे तोवर मी कोण होते, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण अंगणातला कडुनिंब डोळ्यासमोर होता. बुद्धपौर्णिमा जवळ आली होती. मी गप्प राहिले.

रविवारी दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले आणि आमचे चौकीदार, दोघांनी मिळून आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली उतरवलं. आईनं पांढरं पातळ नेसलं होतं, विहारात जाताना नेसते ते, कडक इस्त्रीचं. खाली आल्यावर ती वॉकर धरून उभी राहिली. मैत्रिणीच्या गाडीची सीट आईच्या खुब्याला फार खाली पडायची, म्हणून तिनं गाडी आमच्याकडेच लावली होती आणि मी ऑटो दाराशी बोलावला होता, तो घाई करत होता. आईनं चपला काढल्या आणि अनवाणी पाय पार्किंगच्या फरशीपलीकडे मातीवर ठेवले. माती तापलेली होती. मी म्हटलं, पाय पोळतील. ती म्हणाली, "पोळू दे ना." मी ऑटोवाल्यावर उगाचच ओरडले.

घर खरंच छान होतं. मालकीणबाई आईच्याच वयाच्या, हसऱ्या. फाटकातच म्हणाल्या, "सांभाळून हं, भिंतीला हात लावू नका, परवाच रंग दिलाय." ओल्या रंगाचा वास येतच होता. आई वॉकर टेकत टेकत तो उतार एकटी चढली. कोणाचा हात घेतला नाही. वर जाऊन वळून माझ्याकडे पाहून हसली. दिवाळीनंतर मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मैत्रिणीनं माझा हात दाबला. मला वाटलं, झालं, हेच घर.

चहा आला. मालक वर्तमानपत्र घडी करून आमच्यात येऊन बसले. आईनं न्हाणी पाहिली, नळ सोडून पाहिला, खिडकीतून कडुनिंब पाहिला. मालकीणबाई कौतुकानं एकेक दाखवत होत्या. मग स्वयंपाकघराचा एक कोनाडा दाखवून म्हणाल्या, "इथे तुमचे देव बसतील हं ताई. आधीच्यांचेही इथेच होते. पूर्व दिशा आहे."

मैत्रीण पटकन म्हणाली, "हो हो, अगदी योग्य जागा."

आई म्हणाली, "आमच्याकडं देव नाई बाई. बुद्धाची मूर्ती हाय, ते ठेवू. माह्या बापानं मले खांद्यावर बसवून दीक्षेले नेलं होतं. पाच-सहा वर्साची असन मी. तवापासून देव नाई." आणि तिनं बशीतला चहा फुंकून प्यायला.

कोणी काही वाईट बोललं नाही. हे मी पुन्हा सांगते, कारण नंतर ऑटोत मैत्रिणीनं तेच ऐकवलं. मालकीणबाई "हो का, छान" म्हणाल्या. त्यांचं हसू होतं तिथंच राहिलं, फक्त त्या आमच्याकडे बघेनात. बिस्किटं आणते म्हणून आत गेल्या, मग आतून त्यांनी नवऱ्याला हाक मारली. बिस्किटं काही आली नाहीत. मालक एकटेच बाहेर आले आणि उभ्यानंच म्हणाले, "घर तुमचंच समजा. फक्त मुलाला एकदा विचारतो. आणि तो म्हणत होता, रंगाचं कामही काढायचंय."

मी भिंतीकडे पाहिलं. मालकांनीही पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मैत्रीण कप ठेवायला जागा शोधत होती. आईनं मात्र शांतपणे चहा संपवला, चहा बेस्ट झाला होता असं आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, आणि वॉकर घेऊन तो उतार एकटीच उतरली.

परतताना ऑटोत आई मध्ये आणि आम्ही दोघी दोन बाजूंना. पहिल्या सिग्नलपर्यंत पोचलो. मग मैत्रिणीला राहवलं नाही. "आई, रागावू नका, पण पहिल्याच भेटीत ते सांगायची काय गरज होती? मी सगळं जमवत आणलं होतं. ते लोक वाईट नाहीत हो. मुलाला विचारतो म्हणाले, नाही तर म्हणाले नाहीत. आपण दर ठिकाणी आधी आपली ओळख सिद्ध करायला जातो ना, ती खरी इनसिक्युरिटी."

माझा संयम सुटला. ऑटोवाला मागे वळून बघायला लागला इतक्या मोठ्यानं मी बोलले. म्हटलं, तिला कोनाडा दाखवून विचारलं, तिनं खरं उत्तर दिलं. यात सिद्ध काय केलं? ओल्या रंगाच्या भिंतीसमोर उभा राहून तो माणूस रंगाचं काम सांगतो आणि रोग आम्हाला? तुझ्या त्या शब्दाला एकदा तरी उंबऱ्याबाहेर काढ आणि त्या घराला लाव. मैत्रिणीचे डोळे भरले. ती म्हणाली, "मी तुमच्यासाठीच करते आहे ना गं." ते खरंच होतं, आणि म्हणूनच मला आणखी संताप आला.

आईनं मला विचारलं, "ते काय बोलून राहिली ते घडी घडी? इनशिक्युर का काय?"

मी म्हटलं, आपल्याला कोणी हाकलेल, आपलं काही हिसकावून घेईल, असं उगाच मनात भेव वाटणं.

आईनं विचार केला. "मंग ते त्या बाईले झालं होतं," ती म्हणाली. "मी तं चहा पिऊन राहिली होती."

ऑटोवाला हसला. मैत्रीणही रडता रडता हसली. मलाही हसू आलं आणि वाटलं, चला, निदान आज एवढं तरी मोकळं झालं.

घरी पोचलो तर बँकवाले बाहेर गेलेले. फोनवर म्हणाले, तासाभरात येतो. चौकीदाराला एकट्याला आई उचलणं शक्य नव्हतं. आम्ही पार्किंगच्या सावलीत खुर्ची टाकून आईला बसवलं. मैत्रिणीला मी म्हटलं, तू जा, तुला उशीर होईल. ती म्हणाली, असं सोडून जाईन का? कोपऱ्यावरून उसाचा रस घेऊन आली. तिघींनी प्यायला. खालच्या बायका आल्या, आईभोवती बसल्या. इतके दिवस वरून अर्धं ऐकलेलं सगळं आईनं पुन्हा नीट विचारून घेतलं. बायका आपापल्या घरी गेल्यावर आई चपला काढून पाय हलवत बसली. वर जायची तिला काही घाई नव्हती.

मग ती सहज म्हणाली, "काय वं बाई, तुह्या घरचा खालचा भाग रिकामाच हाय ना? सासूचा."

मी आईच्या दंडाला हात लावला. तिनं तो बाजूला केला. ती मैत्रिणीकडे बघत होती, अगदी मायेनं. मागताना ती नेहमी अशीच बघते.

मैत्रीण म्हणाली, "हो ना आई, रिकामाच." मग तिनं गाडीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "म्हणजे, आत्ता तसा... यांचं म्हणणं आहे की सासूबाईंच्या वस्तू... आणि शेजारी कसे आहेत तुम्हाला माहीतच आहे. मला काही नाही हो. मला खरंच काही नाही. पण..."

आई वाट बघत होती. मीही. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात तिला विनवत होते की बाई, नाही म्हण, सरळ नाही म्हण, मी काही मनावर घेणार नाही, फक्त ते दुसरं बोलू नको.

"खाली रंगाचं काम काढलंय," मैत्रीण म्हणाली.

बोलून झाल्यावर तिला ते ऐकू आलं. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. उन्हात लाल झालेला तिचा चेहरा कानापर्यंत आणखी लाल झाला. माझ्या डोक्यात दिवसभर जे काही खदखदत होतं ते एकदम थंड पडलं. मी रसाचे रिकामे ग्लास एकात एक घालायला लागले.

आई म्हणाली, "कोणता रंग देऊन राहिली?"

"क्रीम," मैत्रीण म्हणाली.

"चांगला दिसते क्रीम."

बँकवाले आले, पण त्यांची कंबर धरली होती. म्हणाले, एक बाजू मी पकडतो, दुसरीकडे चौकीदार, मागून कोणीतरी आधार द्या. मी पुढे व्हायच्या आत मैत्रिणीनं ओढणी कमरेला बांधली आणि खुर्ची मागून धरली. मी वॉकर, चपला आणि उसाच्या रसाचे रिकामे ग्लास घेऊन मागोमाग चालले. पहिल्या मजल्यावर थांबलो. दुसऱ्या मजल्यावर थांबलो. मैत्रीण घामानं निथळत होती, पण हात बदलायला तयार नव्हती.

वर आईला पलंगावर बसवलं, कूलर लावला. मैत्रीण पाणीही न पिता दाराशी गेली. मला म्हणाली, "उद्या कॉलेजात भेटू." मी मान हलवली.

आईनं आतून हाक मारली. मैत्रीण थांबली, पण वळली नाही.

"बाई," आई म्हणाली, "रंग वाळला की सांगजो."